मॅट कागदासाठी सॉफ्ट प्रूफ: स्क्रीनवरचा काळा कागदावर कसा उतरतो

स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो मॅट, म्हणजे चमक नसलेल्या कागदावर छापला की अनेकदा मळकट दिसतो. काळा राखाडी होतो, सावल्यांतला तपशील एकमेकांत मिसळतो, सगळा फोटो अंधारात गेल्यासारखा वाटतो. मग प्रिंटरला बोल लावला जातो, ब्राइटनेस वाढवून पुन्हा छापलं जातं आणि महागड्या कॉटन कागदाचे चार-पाच ताव कचऱ्यात जातात. खरं तर मॅट कागद काय करणार आहे हे छापण्याआधी जवळपास नेमकं कळू शकतं. त्यालाच सॉफ्ट प्रूफ म्हणतात: कागद आणि शाई यांच्या प्रोफाइलमधून (त्या कागदावर प्रत्येक रंग कसा उतरतो हे नोंदवणाऱ्या फाइलमधून) फोटो स्क्रीनवर पाहणं.

उदाहरणासाठी एकच फोटो धरून चालू. वारीतला पावसाळी दिवस. पुढे एक वारकरी, खांद्यावर काळी घोंगडी, अंगात पांढरं धोतर-सदरा, हातात भगवी पताका, मागे ढग. मॅटवर ज्या तीन गोष्टी त्रास देतात त्या तिन्ही यात आहेत: गडद काळ्यातला पोत, कागदाच्या पांढऱ्याजवळचा पांढरा आणि एक झगझगीत रंग.

मॅटवर काळा म्हणजे किती काळा?

चमकदार किंवा बरायटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या) कागदावर चांगल्या पिगमेंट शाईचा काळा साधारण २.३ घनतेपर्यंत जातो. घनता म्हणजे छापलेला भाग किती गडद आहे याचं माप: आकडा मोठा तितका काळा गडद. मॅट कागदावर तोच काळा १.६ ते १.७ च्या आसपास अडकतो. कारण पृष्ठभागाचं आहे. मॅट कागद खडबडीत असतो, त्यावर पडलेला उजेड सगळ्या दिशांना विखुरतो आणि त्यातला थोडा कायम डोळ्यांत येतो. कितीही शाई ओतली तरी हा विखुरलेला उजेड जात नाही.

आता हे आकडे 'लॅब' (L*a*b*) नावाच्या रंगमापन पद्धतीतल्या उजळपणाच्या मापात मांडू. या मापात ० म्हणजे पूर्ण काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा. घनता २.३ म्हणजे साधारण ४.५, घनता १.६५ म्हणजे साधारण १७. म्हणजे मॅटची शर्यत शून्यापासून नाही, सतरापासून सुरू होते. फोटोतले टोन या जागेत बसवताना ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फोटोतला सगळ्यात गडद काळा कागदाच्या सगळ्यात गडद काळ्यावर बसवणारं सेटिंग) चालू असेल, तर हिशेब साधारण असा होतो: फोटोतला ० कागदावर १७ होतो, १० चा २१, २० चा २७, ४० चा ४३ आणि ६० चा ६१.

हे आकडे नीट पाहा. साठच्या वर जवळजवळ काहीच बदललं नाही. चाळिशीतही फरक किरकोळ आहे. सगळा मार खालच्या वीस अंकांनी खाल्ला आहे: वीस पायऱ्यांचा जिना दहा पायऱ्यांत कोंबला गेला. म्हणून मॅटसाठी अख्खा फोटो उजळ करणं हा चुकीचा इलाज आहे. आजार सावल्यांत आहे, औषधही तिथेच द्यायचं.

आधी कागद, शाई आणि प्रोफाइल जुळवा

सॉफ्ट प्रूफ प्रोफाइलइतकंच खरं असतं. प्रोफाइल एका विशिष्ट जोडीसाठी बनलेलं असतं: हा प्रिंटर, ही शाई, हा कागद आणि ड्रायव्हरमधला हा कागद-प्रकार. यातलं एक जरी बदललं तरी प्रूफ खोटं ठरतं. एप्सन शुअरकलर पी९०० साठीचं हानेम्यूले फोटो रॅग ३०८ चं प्रोफाइल पी८०० ला चालत नाही, आणि त्याच प्रिंटरवर कॅन्सन रॅग फोटोग्राफीक ३१० घातला तर त्यासाठी वेगळं प्रोफाइल लागतं. दोन्ही कागद कॉटनचे आहेत एवढ्यावर भागत नाही.

प्रोफाइल कागद बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतं. सोबत एक माहितीपत्रक असतं, ते वाचायचा कंटाळा करू नका. ड्रायव्हरमध्ये कोणता कागद-प्रकार निवडायचा हे त्यातच लिहिलेलं असतं. प्रिंटर मॅट काळी शाई वापरेल की फोटो काळी, आणि किती शाई सोडेल, हे याच निवडीवर ठरतं. मॅट कागदावर चुकून ग्लॉसी कागद-प्रकार निवडला गेला तर फोटो काळी शाई पडते आणि काळा आणखी फिका, धुरकट येतो. पी८०० सारख्या जुन्या एप्सन प्रिंटरमध्ये दोन्ही काळ्या शाया एकाच नोझलमधून जातात, त्यामुळे प्रत्येक अदलाबदलीत शाई वाया जाते. तिथे मॅटचे प्रिंट साठवून एकदमच काढलेले परवडतात. पी९०० आणि कॅनन प्रो-१००० मध्ये दोन्हींना स्वतंत्र वाट आहे.

विंडोजवर डाउनलोड केलेल्या प्रोफाइलवर राइट-क्लिक करून 'इन्स्टॉल प्रोफाइल' करा. मॅकवर लायब्ररीतल्या 'कलरसिंक' फोल्डरमधल्या 'प्रोफाइल्स' मध्ये ती फाइल टाका. मग फोटोशॉप किंवा लाइटरूम बंद करून पुन्हा उघडा. यादीत प्रोफाइल दिसत नसेल तर दहातल्या नऊ वेळा हेच राहिलेलं असतं.

मॉनिटर आणि खोली

मॉनिटर कॅलिब्रेट केलेला नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. कॅलिब्राइट किंवा डेटाकलर स्पायडरसारखं मोजणारं यंत्र लागतं. विकत घेणं जड वाटत असेल तर काही दिवसांसाठी मित्राकडून आणा, पण डोळ्यांनी अंदाजे कॅलिब्रेशन करू नका. छपाईसाठी चालणारी लक्ष्यं अशी: पांढऱ्याची चमक ८० ते १०० कँडेला प्रति चौरस मीटर, गॅमा २.२, पांढऱ्या बिंदूसाठी सुरुवात डी६५ ने, म्हणजे साधारण ६५०० केल्विनने. प्रिंट शेजारी धरल्यावर स्क्रीन निळसर वाटली तर ५८०० केल्विनपर्यंत खाली या.

चमकेचा हा आकडा हवेतून आलेला नाही. कागदावर पडणारा उजेड लक्समध्ये मोजा आणि त्याला ३.६ ने भागा: पांढरा कागद साधारण तेवढ्या कँडेलाने चमकतो. ३६० लक्स उजेडात कागद १०० कँडेलाचा असतो, म्हणजे १०० वर लावलेल्या मॉनिटरशी जुळतो. घरातल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर रात्री १५० लक्स असतील तर तोच कागद जेमतेम ४२ कँडेलाचा असतो. 'प्रिंट फार काळा आला' या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण हेच: मॉनिटर दुकानातून आला तसा २५० वर चालू असतो आणि प्रिंट ट्यूबलाइटखाली पाहिला जातो. मोबाइलवरचं लक्स मोजणारं अॅप फार अचूक नसतं, पण १५० आणि ४०० मधला फरक त्यालाही कळतो.

प्रिंट पाहायच्या जागी ५००० केल्विनचा, रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय) ९५ किंवा जास्त असलेला एलईडी लावा आणि उजेड ३५० ते ५०० लक्सच्या दरम्यान ठेवा. मॉनिटरवर मात्र थेट उजेड पडू देऊ नका. खिडकीचं प्रतिबिंब पडलं की स्क्रीनवरचा काळा फिकट होतो आणि तुम्ही नसलेला दोष दुरुस्त करायला लागता.

एक दिलासा आहे. चांगल्या आयपीएस स्क्रीनवर काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण हजारास एक असतं, मॅट प्रिंटचं जेमतेम चाळीसास एक. म्हणजे मॅटचा काळा दाखवायला स्क्रीनकडे भरपूर जागा आहे. म्हणून टोनच्या बाबतीत मॅटचं सॉफ्ट प्रूफ चमकदार कागदाच्या प्रूफपेक्षा जास्त विश्वासार्ह ठरतं.

फोटोशॉपमध्ये प्रूफ लावणं

१. फोटो १६ बिटमध्ये, अडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो आरजीबी या मोठ्या रंग-अवकाशात (रंगांच्या पल्ल्यात) उघडा. जेपेग त्याहून लहान एसआरजीबीतच असेल तर तसाच राहू द्या. आत नसलेले रंग रूपांतराने येत नाहीत.

२. 'विंडो' मेनूतल्या 'अरेंज' मधून त्याच फाइलची नवी खिडकी उघडा आणि दोन्ही उभ्या शेजारी लावा. 'मॅच ऑल' केलं की दोन्हींचा झूम आणि जागा सारखी होते. एक खिडकी मूळ फोटोची, दुसरी प्रूफची.

३. दुसऱ्या खिडकीवर क्लिक करून 'व्ह्यू', 'प्रूफ सेटअप', 'कस्टम' असं जा. 'डिव्हाइस टू सिम्युलेट' मध्ये तुमच्या कागदाचं प्रोफाइल निवडा.

४. 'प्रिझर्व्ह आरजीबी नंबर्स' ची खूण काढा. ही चालू राहिली तर फोटो प्रोफाइलमधून न जाता थेट प्रिंटरच्या आकड्यांसारखा वाचला जातो आणि रंग भलतेच दिसतात. पहिल्यांदाच सॉफ्ट प्रूफ पाहून जे घाबरतात, त्यांच्याकडे अनेकदा हीच खूण राहिलेली असते.

५. 'रेंडरिंग इंटेंट' (कागदाला न जमणारे रंग कसे बसवायचे ती पद्धत) आधी 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक', 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन' चालू.

६. आता 'सिम्युलेट पेपर कलर' वर खूण करा. 'सिम्युलेट ब्लॅक इंक' त्यासोबत आपोआप लागते. हे सेटिंग कागदाच्या नावाने सेव्ह करून ठेवा.

सहाव्या पायरीला फोटो डोळ्यांदेखत मरतो. पांढरा पिवळट होतो, काळा राख होतो. त्या क्षणी बघूच नका. खूण करताना नजर दुसरीकडे वळवा, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग पाहा. डोळा स्क्रीनवरच्या सगळ्यात उजळ गोष्टीला पांढरं मानतो. आजूबाजूला मेनूची पांढरी पट्टी किंवा उघडा ब्राउझर असेल तर कागदाचा पांढरा कायमच मळका वाटेल. टॅब दाबून पॅनेल लपवा, एफ दाबून पूर्ण स्क्रीनवर जा, पार्श्वभूमी मध्यम राखाडी ठेवा. एवढं करूनही कागदाच्या छटेचा त्रास होत असेल तर 'पेपर कलर' काढून फक्त 'ब्लॅक इंक' ठेवा. मॅटसाठी टोनचं काम या एका खुणेवर उत्तम होतं, कारण खरी अडचण काळ्याचीच आहे. रंगाचा अंतिम निर्णय घेताना मात्र दोन्ही चालू करून पाहा.

प्रूफ चालू-बंद करायला कंट्रोल आणि वाय, मॅकवर कमांड आणि वाय. प्रूफ चालू असताना फाइलच्या शीर्षकपट्टीत प्रोफाइलचं नाव दिसतं. प्रूफ म्हणजे फक्त चष्मा आहे, त्याने फाइलमधला एकही आकडा बदलत नाही.

लाइटरूम क्लासिकमध्ये

'डेव्हलप' मध्ये एस दाबा. पार्श्वभूमी पांढरी होते आणि हिस्टोग्रामच्या जागी सॉफ्ट प्रूफिंगचं पॅनेल येतं. प्रोफाइलच्या यादीत 'अदर' वर जाऊन तुमच्या कागदाचं प्रोफाइल निवडून ठेवावं लागतं, तेव्हाच ते पुढे यादीत येतं. सीएमवायके (छापखान्याच्या चार शायांचे) प्रोफाइल इथे दिसतच नाहीत. इथे ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनची वेगळी खूण नाही, ते चालूच असतं. 'सिम्युलेट पेपर अँड इंक' मध्ये कागद आणि काळा एकत्रच येतात, वेगळे करता येत नाहीत.

पहिला स्लायडर हलवण्याआधी 'क्रिएट प्रूफ कॉपी' दाबा. मूळ फोटो तसाच राहतो, दुरुस्त्या आभासी प्रतीवर होतात आणि तिच्या नावात प्रोफाइल नोंदलं जातं. वाय दाबल्यावर मूळ आणि प्रूफ शेजारी दिसतात.

अफिनिटी फोटोमध्ये सॉफ्ट प्रूफ हा अॅडजस्टमेंट लेअर असतो. एक्सपोर्ट किंवा प्रिंट करण्याआधी तो बंद करायचा. विसरलात तर कागदाचा पिवळटपणा आणि राखाडी काळा फाइलमध्येच छापला जातो, आणि कागद स्वतः तो पुन्हा एकदा जोडतो.

कोणता इंटेंट?

'रिलेटिव्ह' कागदाच्या आवाक्यातले रंग जसेच्या तसे ठेवतो आणि बाहेरचे ओढून काठावर आणून बसवतो. 'पर्सेप्च्युअल' सगळ्याच रंगांना थोडं थोडं दाबतो, म्हणजे बाहेरच्या रंगांमधले आपसातले फरक टिकतात. वारीच्या फोटोत पताकेच्या घड्या भगव्याच्या बारीक छटांनी दिसतात. 'रिलेटिव्ह' मध्ये त्या घड्या सपाट एकजिनसी होत असतील तर 'पर्सेप्च्युअल' घ्या. फोटो बहुतांश सौम्य रंगांचा असेल, धुक्यातल्या सह्याद्रीसारखा, तर 'रिलेटिव्ह'. कोणताही नियम पाठ करण्यापेक्षा दोन्ही लावून पाहणं सोपं आहे, कारण 'पर्सेप्च्युअल' नेमकं किती दाबायचं हे प्रत्येक प्रोफाइल बनवणारा आपापल्या पद्धतीने ठरवतो.

ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन मात्र 'रिलेटिव्ह' सोबत कधीही बंद करू नका. ते नसेल तर उजळपणा १७ च्या खालचं सगळं एकाच काळ्यात कापलं जातं. एसआरजीबीच्या ० ते २५५ च्या भाषेत साधारण ४१ आणि त्याखालचे सगळे आकडे एक. घोंगडी म्हणजे मग कात्रीने कापलेला काळा तुकडा.

दुरुस्त्या: सावल्यांपासून सुरुवात

फोटोशॉपमध्ये एक लेअर ग्रुप करा आणि त्याला कागदाचं नाव द्या. सगळ्या दुरुस्त्या त्यातच. उद्या दुसऱ्या कागदावर छापायचं ठरलं तर हा ग्रुप बंद करून नवा करता येतो.

घोंगडीचे टोन एसआरजीबीत १० पासून ४८ पर्यंत पसरलेत असं समजा. स्क्रीनवर त्यांच्यात उजळपणाचे सतरा अंक अंतर आहे. मॅटवर ते १८ ते २७, म्हणजे नऊवर येतं, आणि लोकरीची वीण गायब होते. कर्व्ह्ज लेअर घ्या आणि असे बिंदू ठेवा: १० ला १० वरच खिळा ठोका, ४८ ला ६० वर न्या, १२८ ला १३२ वर धरा, वरचं टोक हलवू नका. आता कागदावरचा पल्ला १८ ते ३१ होतो, म्हणजे तेरा अंक. वीण परत दिसते.

मूळचे सतरा अंक परत मिळवायच्या मागे लागू नका. ४८ ला आणखी उचललंत तर घोंगडी काळी न राहता राखाडी दिसू लागते आणि तिच्यावरचे मधले टोन चपटे होतात. खालचा १० चा खिळा महत्त्वाचा आहे, कारण फोटोत कुठेतरी कागदाला जमेल तितका गडद काळा हवाच. डोळा त्याच्याशी बाकीचं तोलतो. सगळ्या सावल्या एकसारख्या उचलल्या की फोटो धुतल्यासारखा दिसतो, आणि मग 'मॅटवर कॉन्ट्रास्ट येत नाही' असा निष्कर्ष निघतो.

लाइटरूममध्ये हेच काम 'शॅडोज' १० ते २५ ने वाढवून आणि 'ब्लॅक्स' थोडा खाली ओढून होतं. 'ब्लॅक्स' वर ढकलून सावल्या उघडणं टाळा, ते नेमकं उलटं काम आहे.

मग मिडटोन. काळा हातातून गेला की कॉन्ट्रास्टची भरपाई मधल्या टोनमध्ये करायची. 'क्लॅरिटी' ८ ते १५, किंवा कर्व्ह्जमध्ये ९० ते १७० दरम्यान हलकासा एस. चेहरा असेल तर तो मास्क करून वाचवा. वारकऱ्याच्या सुरकुत्या आधीच खोल आहेत.

पांढऱ्याकडे मॅट कागद दयाळू आहे. धोतराचा पांढरा २५५ ला गेला तर तिथे शाईच पडत नाही, पण चमकदार कागदावर दिसतो तसा शाई असलेल्या-नसलेल्या जागेचा फरक इथे खटकत नाही. तरीही फोटोला पांढरी किनार ठेवणार असाल आणि धोतर किंवा आकाश काठापर्यंत जात असेल, तर सर्वांत उजळ भाग २४५ ते २४८ वर आणा. नाहीतर फोटो कुठे संपला आणि कागद कुठे सुरू झाला ते कळत नाही.

रंग आणि गॅमटचा (कागदाला जमणाऱ्या रंगांच्या पल्ल्याचा) इशारा

मॅटवर आधी गळतात ते गडद आणि संपृक्त रंग: दाट निळा, गडद हिरवा, मरून. फिकट-उजळ पिवळा त्यामानाने बरा टिकतो. पैठणीचा मोरपंखी, पावसाळी झाडीतला सावलीतला हिरवा, सूर्यास्तानंतरचा समुद्र, हे फोटो मॅटवर नेण्याआधी प्रूफ नीट पाहा.

फोटोशॉपमध्ये शिफ्ट, कंट्रोल आणि वाय दाबलं की कागदाबाहेरचे रंग राखाडीने झाकले जातात. लाइटरूममध्ये शिफ्ट आणि एस. तिथे लाल म्हणजे कागदाबाहेर, निळा म्हणजे तुमच्या मॉनिटरबाहेर, गुलाबी म्हणजे दोन्हींबाहेर. गुलाबी किंवा निळ्या भागाबद्दल स्क्रीनवर पाहून मत बनवू नका, तो रंग स्क्रीनला दाखवताच येत नाही.

या इशाऱ्याचं फार मनावर घेऊ नये. रंग किती बाहेर आहे हे तो सांगत नाही. केसभर बाहेर असो की हातभर, डाग तोच. अनेक जण डाग जाईपर्यंत सॅच्युरेशन कमी करत बसतात आणि जो रंग इंटेंटने आपोआप नीट बसवला असता तो हाताने मारून टाकतात. डागाचा उपयोग फक्त जागा शोधण्यासाठी करा. मग इशारा बंद करून प्रूफमध्ये त्या जागी शंभर टक्के झूमवर पाहा: पताकेच्या घड्या दिसतायत का? दिसत असतील तर हात लावू नका. सपाट झाल्या असतील तर नारिंगीचं सॅच्युरेशन १० ने कमी करून ल्युमिनन्स ५ ने वाढवा. बऱ्याचदा रंग थोडा उजळ केला की कागदाच्या आवाक्यात येतो आणि डोळ्याला जास्त भगवा वाटतो.

बाकीचा फोटो फिका वाटत असेल तर 'व्हायब्रन्स' ५ ते १२. सॅच्युरेशनचा सरसकट स्लायडर नको, तो आधीच काठावर असलेल्या रंगांना बाहेर ढकलतो.

धार

मॅट कागदात शाईचा थेंब थोडा पसरतो, त्यामुळे बारीक कडा मऊ होतात. सॉफ्ट प्रूफ हे दाखवत नाही. म्हणून मॅटसाठी आउटपुट शार्पनिंग एक पायरी जास्त लागतं. लाइटरूमच्या प्रिंट मॉड्यूलमध्ये 'मॅट' आणि 'स्टँडर्ड' पासून सुरुवात करा, जाड पोताच्या कागदावर 'हाय'. स्क्रीनवर शंभर टक्क्यांवर कडा किंचित करकरीत दिसायला हव्यात. रिझोल्यूशन एप्सनसाठी ३६० पीपीआय (प्रति इंच पिक्सेल), कॅननसाठी ३००. ए४ ला ३०० वर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात.

छापताना

प्रिंटच्या खिडकीत रंग फोटोशॉपच्या ताब्यात द्या, प्रोफाइल आणि इंटेंट प्रूफमध्ये होते तेच निवडा. मग ड्रायव्हरमध्ये जाऊन त्याचं स्वतःचं रंग-नियंत्रण बंद करा. एप्सनमध्ये 'नो कलर अॅडजस्टमेंट', कॅननमध्ये मॅचिंग 'नन'. दोघांनीही रंग बदलले तर दुहेरी रूपांतर होतं आणि प्रिंटवर सहसा जांभळट-गुलाबी झाक येते किंवा रंग भडक होतात. प्रिंट प्रूफपेक्षा अगदीच वेगळा दिसला तर दुसरं काही शोधण्याआधी हे तपासा.

पूर्ण आकाराचा प्रिंट काढण्याआधी एक पट्टी छापा. फोटोतला घोंगडीचा, पताकेचा आणि चेहऱ्याचा भाग अंतिम आकारातच कापून एका ए४ वर शेजारी-शेजारी ठेवा. घोंगडीच्या तुकड्याच्या तीन प्रती करा: एक तुमच्या कर्व्हने, एक थोडी कमी, एक थोडी जास्त. एक तास सुकू द्या. ओल्या शाईवर काळ्याबद्दल मत बनवायचं नाही. काचेमागे बसवण्याआधी किमान चोवीस तास द्या.

पट्टी मॉनिटरला चिकटवून पाहू नका. ती दिव्याखाली ठेवा, पाहा, मग मान वळवून स्क्रीन पाहा. काळ्याचे आणि मिडटोनचे नातेसंबंध जुळतायत का एवढंच बघायचं. कागदाचा पांढरा स्क्रीनवरच्या पेक्षा पिवळट वाटत असेल तर कागदात ऑप्टिकल ब्राइटनर आहे का ते पाहा. ब्राइटनर अतिनील किरणांवर चमकतात. प्रोफाइल मोजताना ती किरणं होती आणि तुमच्या एलईडीत ती नाहीत, म्हणून कागद घरात पिवळट दिसतो. हानेम्यूले बांबू २९० किंवा कॅन्सन रॅग फोटोग्राफीकमध्ये ब्राइटनर नाहीत, तिथे हा घोळ होत नाही.

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत कागदाचा पुडा उघडा ठेवू नका. कॉटन कागद ओल पितो, त्याच्या कडा वर येतात आणि प्रिंटरचं हेड काठाला घासून काळे फराटे उमटतात. लागेल तेवढाच ताव काढा, बाकी मूळ पिशवीत सिलिका जेलसोबत बंद करा. वाकलेला ताव उलट्या बाजूने हलकेच गुंडाळून सरळ करा आणि ड्रायव्हरमध्ये हेडची उंची वाढवा. छापण्याआधी मऊ ब्रशने कागदावरची धूळ झटका. मॅटवर अडकलेला कण शाईसकट निघतो आणि मागे पांढरा ठिपका राहतो.

कृष्णधवल प्रिंट एप्सनच्या अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मार्गाने काढणार असाल तर वरचं रंगीत प्रोफाइल लावून प्रूफ पाहण्यात अर्थ नाही, कारण त्या मार्गात शाई त्या प्रोफाइलप्रमाणे पडतच नाही. तिथे पट्टीवरच विसंबा.

फोटो छापणाऱ्या लॅबकडे देत असाल तर

लॅबला आधी तीन प्रश्न विचारा: मॅटसाठी कोणत्या कागदावर छापता, त्याचं तुमच्या प्रिंटरचं प्रोफाइल मिळेल का, आणि फाइल कोणत्या रंग-अवकाशात हवी? काही लॅब प्रोफाइल देतात पण फाइल एसआरजीबीतच मागतात. म्हणजे प्रोफाइल फक्त प्रूफ पाहण्यासाठी. अशा वेळी फाइल कागदाच्या प्रोफाइलमध्ये रूपांतरित करून पाठवलीत तर लॅबकडे ती पुन्हा रूपांतरित होते. दुरुस्त्यांचा ग्रुप चालू ठेवा, प्रूफ बंद करा, फाइल लॅबने सांगितलेल्या रंग-अवकाशात न्या, प्रोफाइल आत जोडलेलं ठेवा आणि जेपेग १२ दर्जावर सेव्ह करा. लॅबच्या ऑर्डर फॉर्मवर 'ऑटो करेक्शन नको' असं स्पष्ट लिहा. नाहीतर त्यांचं सॉफ्टवेअर घोंगडीच्या सावल्या पुन्हा एकदा उचलेल.

लॅब प्रोफाइल द्यायला तयार नसेल तर त्याच जातीच्या कागदाचं एखादं प्रोफाइल घेऊन फक्त 'ब्लॅक इंक' लावून टोन तपासा, रंगाबद्दल त्यावरून काहीही ठरवू नका, आणि मोठ्या आकाराची ऑर्डर देण्याआधी ८ गुणिले १० इंचाचा एक प्रिंट मागवा.